समाजमंदिरातल्या अभ्यासिकेचं वाय-फाय : कामाच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

समाजमंदिरातली अभ्यासिका आज जयंतीच्या दिवशी सुरू झाली. पुढे मोठा हॉल, मागे मुलींची खोली, मधली भिंत जुनी मातीची, चांगली दोन फूट जाड, वर टिना. पोलीस भरती, एमपीएससी, नर्सिंगची तयारी करणारी दारव्हा तालुक्याच्या या टोकाची पोरंपोरी इथे बसणार. पुस्तकं लोकवर्गणीतून आली. नेटचं काम सरपंचताईंनी माझ्याकडे दिलं, कारण गावात कॉम्प्युटरचा क्लास मी चालवते.

सध्या अंगणापलीकडच्या पंचायतीच्या ऑफिसातलं वाय-फाय इथे वापरायचं असं ठरलं आहे. तिथे फायबरचं १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचं) कनेक्शन आहे. राऊटर, म्हणजे वाय-फायचा डबा, चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. नारळ फुटला आणि लगेच पहिली तक्रार आली : "ताई, दांड्या तर दिसून राहिल्या, पण पान उघडत नाही. काहून?"

या प्रश्नाचं उत्तर मला नीट, आकड्यांसकट द्यायचं आहे. पुढच्या गावातल्या कुणाला हेच काम करावं लागलं तर त्याच्या हाती काहीतरी असावं, म्हणून ह्या नोंदी.

१८ एप्रिल

आमच्याकडे वाय-फाय म्हणजेच नेट समजतात. हे दोन वेगळे केल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. फायबरमधून डब्यापर्यंत येतं ते इंटरनेट. डब्यापासून फोनपर्यंतचा जो हवेतला टप्पा, तेवढंच वाय-फाय. फोनवरच्या दांड्या फक्त ह्या हवेतल्या टप्प्याचा जोर दाखवतात. फायबर तुटून पडली असली तरी दांड्या भरलेल्या दिसू शकतात.

आज लॅपटॉपला वायर लावून थेट डब्यावर वेग मोजला : ९४. म्हणजे लाईन चोख आहे. मग फोनवर मोजला. कपाटाचं दार उघडं, फोन समोर : ३८. दार बंद : ११. अंगण ओलांडून हॉलमध्ये : कधी ३, कधी काहीच नाही. लोखंडाचा पत्रा रेडिओ लहरी अडवतो. बाहेर आलं ते दाराच्या फटींतून आलं.

बसलेल्या पोरांना एक गोष्ट सांगून ठेवली. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये असतो, आणि एका बाईटमध्ये आठ बिट. १०० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाईटच्या आसपास उतरतात, तेही एकटाच वापरत असेल तर. "१०० चं नेट घेतलं अन् १२ च येऊन राहिलं" म्हणून कितीतरी जण उगाच कंपनीशी भांडतात.

२२ एप्रिल

आज फोन तपासले. राऊटर विकत घेण्याच्या आधी हे करायचंच, असं माझं पक्कं मत आहे. लोक आधी दुकानात जातात आणि मोठ्यात मोठा आकडा उचलून आणतात.

वाय-फायचे नियम आयईईई ही अभियंत्यांची संस्था ठरवते. त्या नियमांचा क्रमांक ८०२.११. पहिली आवृत्ती १९९७ ची, वेग फक्त २ एमबीपीएस. १९९९ मध्ये 'ए' आणि 'बी' आल्या, २००३ मध्ये 'जी', २००९ मध्ये 'एन', २०१३ मध्ये 'एसी', आणि २०२१ मध्ये 'एएक्स' मंजूर झाली. ही अक्षरं सामान्य माणसाच्या लक्षात राहणं शक्यच नव्हतं. म्हणून वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये सरळ आकडे दिले : 'एन' म्हणजे वाय-फाय ४, 'एसी' म्हणजे वाय-फाय ५, 'एएक्स' म्हणजे वाय-फाय ६. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं ह्याच वर्षी जानेवारीत सुरू झाली.

डबा वाय-फाय ६ चा असला आणि फोन ४ चा, तर दोघं ४ चीच भाषा बोलतात. नवा डबा जुन्या फोनला सांभाळून घेतो, पण त्याला नवा करू शकत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा की आपल्या पोरांच्या हातात काय आहे?

ते पाहायची सोपी युक्ती आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधून वाय-फायमध्ये जायचं, जोडलेल्या नावावर दाबायचं, आत 'लिंक स्पीड' दिसतो. राऊटरच्या जवळ बसूनही तो ७२ च्या वर जात नसेल, तर फोन २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यावर वाय-फाय ४ ने बोलतो आहे. ४३३ दिसला तर ५ गिगाहर्ट्झवर वाय-फाय ५. ८६६ दिसला तर तेच, पण दोन अँटेनांवर. हा आकडा फोन आणि डबा यांच्यात ठरलेला असतो. प्रत्यक्ष हाती साधारण निम्मा-पाऊण येतो, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि बराच वेळ 'पोचलं का, पोचलं' यातच जातो.

पंचायतीचा डबा फक्त २.४ वाला, म्हणून ही तपासणी क्लासमधला दोन्ही पट्ट्यांचा राऊटर आणून केली. निम्म्याहून जास्त फोन ७२ वर थांबले. ते स्वस्तातले, फक्त २.४ वर चालणारे. बाकीच्यांपैकी बहुतेक ४३३ वाले. वाय-फाय ६ चे फोन मोजकेच, तेही नोकरी लागलेल्या भावाने घेऊन दिलेले.

या यादीने खरेदीचं अर्धं काम झालं.

२७ एप्रिल

काल लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे काम बंद. आज सकाळी बैठक झाली.

पंचायतीच्या डब्यापासून हॉलपर्यंत वायर ओढावी असं सदस्यांचं म्हणणं होतं. मी विरोध केला. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकली की जवळपास वीज पडल्यावर दोन्हीकडची यंत्रं जळायचा धोका असतो. मृगाच्या तोंडाशी आमच्याकडे विजा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा जास्त बोलावं लागलं नाही. फायबर म्हणजे काच, तिच्यातून करंट येत नाही. म्हणून हॉलसाठी वेगळं फायबर कनेक्शन घ्यायचं ठरलं. त्या केबलच्या कडेला आधारासाठी पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच्या हुकावरच संपवायची, आत आणायची नाही, हेही लिहून घेतलं.

वाचनालयाचे काका म्हणाले, "बाई, पैसे लागतील ते लागतील, पण एकदाच काय ते कर." अगदी बरोबर.

४ मे

कनेक्शन लागलं. कंपनीने दिलेला डबा वाय-फाय ४ चा, फक्त २.४ वाला. तो हॉलच्या कोपऱ्यात आहे. क्लासमधला राऊटर परत आणून आज हॉलभर मोजमापं घेतली. ऊन इतकं की टिनाखाली दुपारी बसवत नव्हतं, म्हणून सकाळी लवकर सुरुवात केली.

२.४ आणि ५ हे गिगाहर्ट्झचे आकडे, रेडिओच्या पट्ट्याचे. 'वाय-फाय ५' आणि '५ गिगाहर्ट्झ' ह्या वेगळ्या गोष्टी. दुकानदारसुद्धा घोळ करतात. आणि इंटरनेटचा '५ जी' हा तिसराच, तो मोबाईल टॉवरचा. २.४ चा पट्टा आपल्या देशात २००५ पासून, आणि ५ चा मोठा भाग २०१८ पासून, परवान्याशिवाय वापरता येतो. म्हणून तर कुणीही दुकानातून डबा आणून लावू शकतो.

२.४ च्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ ची साडेपाचच्या आसपास. अंतरावर ५ चा जोर लवकर सरतो आणि जाड भिंतीत तो जास्त मुरतो. पण ५ मध्ये जागा मोठी, म्हणून जवळ बसलेल्याला वेग भरपूर.

जोर डीबीएममध्ये मोजतात, आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० च्या पुढे नुसता मनस्ताप. दर ३ ने घटला की ताकद निम्मी होते. हॉलमध्ये बसून २.४ वर उणे ४६, ५ वर उणे ५२. मातीच्या भिंतीपलीकडे मुलींच्या खोलीत २.४ वर उणे ७१, ५ वर उणे ८६. म्हणजे ५ तिथे पोचतच नाही असं समजायचं.

मुलींच्या खोलीत आणखी एक अडचण सापडली. दारालगत मोठा पत्र्याचा कूलर उभा आहे, हॉलमधून येणाऱ्या लहरींच्या बरोबर वाटेत. पत्रा, पाण्याची टाकी, ओला वाळा, सगळं एका ठिकाणी. कूलर बाजूला सरकवला तर उणे ७१ चा उणे ६४ झाला. एक पैसाही न खर्चता.

एक पोरगा म्हणाला, "ताई, पावरचा डबा आणू ना, लंब्या अँटेनावाला." त्याला समजावलं. शेताच्या या धुऱ्यावरून भोंग्यात बोललं तर पलीकडच्या धुऱ्यावरच्या माणसाला ऐकू येतं. पण त्याच्याकडे भोंगा नसेल तर त्याचं उत्तर इकडे येत नाही. फोनची ताकद डब्याहून कमी असते. डबा कितीही जोरात बोलला तरी फोनची हाक परत पोचली पाहिजे, तेव्हाच पान उघडतं. तीन दांड्या आणि बंद पान, हे पहिल्या दिवशीचं कोडं यातूनही सुटतं.

९ मे

यवतमाळला खरेदी. दुकानात दोन तास गेले, पण त्यात खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे ते बरोबर आलेल्या दोघा पोरांना दाखवता आलं.

खोक्यावर 'एसी १२००' लिहिलेलं असतं. हा १२०० कुणालाच मिळत नाही. २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची ती गोळाबेरीज, वर फुगवून पूर्ण केलेली. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. 'एएक्स १५००' म्हणजे ३०० अधिक १२०१. '३००' वाला स्वस्त डबा म्हणजे फक्त २.४. आणि वाय-फाय ५ हा नियम मुळात ५ गिगाहर्ट्झचाच; त्या डब्यातला २.४ चा भाग वाय-फाय ४ च असतो. म्हणजे आमच्या निम्म्या पोरांना 'एसी' डब्यातूनही ४ च मिळणार.

मग मागे फिरवून पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या खाचा, पाहायचे. कितीतरी 'एसी १२००' डब्यांचे वायरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. पुढे २०० ची लाईन घेतली तरी ९४-९५ च्या वर जाणार नाही. 'गिगाबिट पोर्ट' (म्हणजे १००० एमबीपीएसचा) असं स्पष्ट छापलेलं पाहूनच घ्यायचं. अँटेना किती आहेत यावरून काही ठरवू नये.

दुकानदार चांगला माणूस, त्याने वाय-फाय ६ चा महाग डबा पुढे केला. वाय-फाय ६ मध्ये एक खरी सुधारणा आहे : एकाच वेळी अनेक फोनांना पट्ट्याचे लहान लहान तुकडे वाटून देता येतात, त्यामुळे गर्दीत रखडपट्टी कमी होते. अभ्यासिकेला गर्दीच तर आहे. पण हा फायदा वाय-फाय ६ च्या फोनांनाच मिळतो आणि ते आमच्याकडे मोजके. वाय-फाय ७ चा पूर्ण फायदा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तो पट्टा २०२४ मध्ये आपल्याकडे खुला झालेला नव्हता. तेव्हा '७' या आकड्यासाठी पैसे घालायचं कारण नव्हतं.

त्या एका महाग डब्याच्या किमतीत गिगाबिट पोर्टचे दोन साधे वाय-फाय ५ डबे बसले. तेच घेतले. एक हॉलमध्ये, एक मुलींच्या खोलीत, मध्ये वायर. मातीच्या भिंतीला हरवणारा कुठलाही आकडा खोक्यावर छापलेला नसतो. भिंतीपलीकडे दुसरा डबा ठेवणं हाच उपाय. दुकानदाराने रिपीटरही सुचवला. तो हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुढे सांगतो, त्यामुळे एकाच पट्ट्यावर चालत असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. वायर शक्य असेल तिथे रिपीटर घेऊ नये.

नेटची केबल 'कॅट ६' प्रकारची, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, वाकवताना तुटते, ती नको म्हटलं.

१३ मे

केबल टाकली. छताच्या लाकडी आढ्याला क्लिपा मारून, विजेच्या वायरिंगपासून हातभर दूर. इमारतीच्या आतच असल्याने विजेची तेवढी भीती नाही. अशा केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेपेक्षा अंतर खूपच कमी.

प्लग मारल्यावर वेग १०० च दाखवत होता. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणजे एखादी जोडी नीट बसलेली नाही. टोक कापून नवा प्लग मारला, १००० आला.

डबे डोक्याच्या वर, लाकडी फळीवर, उघड्यावर ठेवले. चोरीची काळजी म्हणून कुलपाची जाळी करू म्हणणाऱ्यांना लोखंडी जाळी नको, खाली लाकडी पट्टीत स्क्रू मारा, असं सांगितलं.

१५ मे

सेटिंगचा दिवस. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद केलं, नाहीतर तोही त्याच हवेत बोलत राहतो. दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला, म्हणजे प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता द्यायचं काम एकच डबा करेल.

२.४ मध्ये चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, १३ असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच वापरतात : १, ६, ११. हॉलला १ दिला, मुलींच्या खोलीला ११. वाटेची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवली. ४० केली की लिंक स्पीड मोठा दिसतो, पण जवळपास अर्धा पट्टा एकटाच खातो. ५ मध्ये जागा आहे, तिथे ३६ आणि १४९, रुंदी ८०. दोन डबे, दोन पट्टे, अशा चारही ठिकाणी नेटवर्कचं नाव एकच ठेवलं, म्हणजे फोन स्वतःच जवळचा डबा निवडतो.

सुरक्षितता : डब्ल्यूपीए हे वाय-फायचं पासवर्डचं कुलूप; त्याच्या २ आणि ३ दोन्ही आवृत्त्या चालतील असा पर्याय, कारण जुन्या फोनांना ३ कळत नाही. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार कुठे दिसलाच तर तो कुलूप नसल्यासारखाच. पासवर्ड न टाकता फोन जोडून देणारं डब्ल्यूपीएसचं बटण बंद. डब्याचा मूळचा ॲडमिन पासवर्ड बदलून सरपंचताईंच्या वहीत लिहिला. ऑफिसचे कागद ज्या कॉम्प्युटरवर येतात तो वेगळ्या नेटवर्कवर, अभ्यासिकेची पोरं पाहुण्यांच्या नेटवर्कवर.

२१ मे

बारावीचा निकाल दुपारी एकला. दहा मिनिटं आधीच हॉल भरला, दारात आया उभ्या.

एक वाजला आणि निकालाचं पान उघडेना. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी लॅपटॉपवर दाखवलं : दुसरी पानं क्षणात उघडत होती, वेग ८० च्या पुढे होता. अख्ख्या महाराष्ट्राची पोरं त्याच वेळी त्याच साईटवर होती, रखडलेलं तिकडे होतं. थोड्या वेळाने सगळ्यांचे निकाल निघाले. मागच्या खोलीत एका पोरीला विज्ञानात चांगले गुण मिळाले आणि तिची आई ओल्या डोळ्यांनी सगळ्यांना पेढे वाटत फिरली.

फोन, हवा, लाईन आणि पलीकडची साईट असे चार टप्पे. ह्यातला जो मंद, त्याच्याच वेगाने सगळं चालतं. आज चौथा मंद होता.

गर्दीत दुसरं एक दिसलं. अंगणात, निंबाखाली उभा राहून एक जण व्हिडिओ पाहत होता, जोर उणे ८२. असा दूरचा फोन अगदी हळू वेगाने बोलतो, आणि तेवढा वेळ हवा त्याच्या ताब्यात राहते; आत बसलेल्या सगळ्यांची वाट तो अडवतो. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, आत बोलावून बसवलं. रात्री राऊटरमध्ये पाहुण्यांच्या नेटवर्कला प्रत्येकी वेगाची मर्यादाही घातली. शिकवणीचा व्हिडिओ त्यात आरामात चालतो.

२ जून

लोडशेडिंग. लाईट गेली की डबा बंद, आणि अभ्यासाची वेळ नेमकी तीच. राऊटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस (बॅटरीचा डबा) मिळतो, तो बसवला. एक गोष्ट आठवणीने : राऊटर आणि कंपनीचा फायबरचा डबा दोन्हींना पुरवठा हवा. नुसता राऊटर चालू राहिला तर दांड्या भरलेल्या आणि नेट नाही. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवून घेतले. व्होल्ट तेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

१६ जून

चांगला पाऊस झाला. मातीची भिंत खालून ओलावली. सहज म्हणून पुन्हा मोजलं : भिंतीपलीकडून हॉलचा ५ वाला आता दिसेनासाच झाला, २.४ ही आणखी खाली गेला. पाणी ह्या लहरी शोषतं, ओल्या मातीत त्या लवकर मरतात. मुलींच्या खोलीत स्वतःचा डबा असल्याने फरक पडला नाही. उन्हाळ्यात मोजून एकच डबा लावला असता तर आत्ता सगळं उघडं पडलं असतं.

अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायचा कागद आज छापला. चारच गोष्टी, मोठ्या अक्षरात. नेट अडलं तर आधी फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का पाहा. असेल तर लाईन तुटली आहे, राऊटर बंद-चालू करून उपयोग नाही, कंपनीला फोन करा. लाल दिवा नसेल तर डब्याजवळ येऊन पाहा. जवळ चालतं, लांब चालत नाही, तर जागा बदला. सगळ्यांचं चालतं, तुमचंच नाही, तर फोनमधून नेटवर्क विसरून पुन्हा जोडा. सगळ्यांची एकच साईट अडली, तर थांबा.

२० जून

आशाताई आल्या होत्या. आरोग्य उपकेंद्रात ऑनलाईन नोंदी भरायला बसलं की नेट सुटतं, त्यांना तिथेही असंच काही करून हवं आहे. खोली एक, भिंती विटांच्या, फोन एक आणि टॅबलेट एक. तिथे दोन डबे लागणार नाहीत. आधी टॅबलेटचा लिंक स्पीड पाहायचा, मग कंपनीच्या डब्याची जागा, आणि त्यानंतरच खरेदीचा विचार. सोमवारी सकाळी लॅपटॉप आणि वायर घेऊन जायचं ठरलं.